खऱ्या आवाजाचा पत्ता

कार्यक्रमाला दोन तास आहेत. सभागृह रिकामं, एसी नुकताच सुरू झालेला. रंगमंचावर एक खुर्ची, खुर्चीवर गिटारवादक, आणि अकूस्टिक गिटारच्या बुडातून निघालेली काळी केबल विंगेत गेलेली. वादक सहाही तारांवरून अंगठा फिरवतो, क्षणभर ऐकतो आणि मान हलवतो.

"दादा, हा माझ्या गिटारचा आवाज नाही."

पंधराव्या रांगेत मिक्सरपाशी उभा असलेला साउंडवाला शांतपणे विचारतो, "मग सर, तुमच्या गिटारचा आवाज कसा आहे?"

वादक केबल काढतो आणि तेच पुन्हा वाजवतो. "असा." पण पंधराव्या रांगेत त्यातलं जेमतेम काही पोचतं. साउंडवाला चालत पुढे येतो, वादकासमोर चार हातांवर उभा राहतो. आता त्याला नीट ऐकू येतं, मात्र वादकाला येतं ते नव्हे. वादकाचा कान गिटारच्या वर आणि जरा मागे असतो. गिटारची पाठ छातीला टेकलेली असते, त्यामुळे खर्जाच्या तारा त्याला अंगातूनही जाणवतात. समोरच्याला मिळतो तो पुढच्या फळीवरून सरळ आलेला, अधिक उजळ आणि धारदार आवाज. वाद्य एक, वाजवणं एक, आणि दोन माणसांकडे दोन आवाज. यातला गिटारचा आवाज कोणता?

'नैसर्गिक आवाज' हा शब्द वादक, साउंडवाले आणि उपकरणं विकणारे सगळेच वापरतात. अडचण तंत्राची आहे असं धरून चालतात आणि नवं उपकरण विकत घेतात. तंत्राची अडचण खरीच आहे. पण तिच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे, आणि तो सोडवायचा प्रयत्न गिटार या देशात येण्याच्या कितीतरी आधी इथल्या तत्त्वज्ञांनी केला होता: आवाज नेमका असतो कुठे?

नुसती तार आवाज करत नाही म्हटलं तरी चालेल. दोन खिळ्यांमध्ये ताणलेली तार छेडली तर शेजारी बसलेल्यालाही ती कशीबशी ऐकू येते, कारण एवढी बारीक वस्तू हवा ढकलून ढकलणार किती? तार ब्रिजला हलवते, ब्रिज पुढच्या फळीला हलवतो आणि ही फळी हवा ढकलते. सतारीत जिला तबली म्हणतात तिचं काम गिटारमध्ये ही फळी करते. वादक तिला 'टॉप' म्हणतात. पोटातली हवाही स्वतःची भर घालते. साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास ती घुमते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर घुमते तशी. एकोणिसाव्या शतकातला स्पॅनिश कारागीर आंतोनियो दे तोरेस याने १८६२ मध्ये एक गिटार केली. तिचा टॉप लाकडाचा, पण पाठ आणि कडा चक्क कागदी लगद्याच्या. आवाजाचा जीव टॉपमध्ये आहे, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

म्हणजे केबल जोडण्याच्या आधीच गिटार हे ध्वनिवर्धक यंत्र आहे. तारेची हालचाल रुंद फळीवर पसरवून हवेला देणं हेच तिच्या लाकडाचं काम. माणसाने तिथे हस्तक्षेप केलेलाच आहे, तोही काही शतकं, पिढ्यान्‌पिढ्या, रंधा हातात घेऊन.

हे लक्षात ठेवलं की आंद्रेस सेगोव्हिया यांची गोष्ट वेगळी दिसू लागते. शास्त्रीय गिटारला विसाव्या शतकात मैफलीच्या मोठ्या रंगमंचावर मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं. ध्वनिवर्धकाला त्यांचा आयुष्यभर ठाम विरोध होता. मोठमोठ्या सभागृहांत ते माइकशिवाय वाजवत आणि श्रोत्यांकडून टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा शांततेची अपेक्षा ठेवत. ती शांतता मिळतही असे. श्रोता पुढे झुकून, श्वास सांभाळून ऐकतो तेव्हा त्याच्या ऐकण्यातच काही बदलतं, आणि त्या बदलाचं मोल सेगोव्हियांना कळलेलं होतं. पण याच सेगोव्हियांच्या गिटारला पुढे नायलॉनच्या तारा होत्या. आधी तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतडं शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागलं, तारांचा तुटवडा पडला. न्यूयॉर्कचे कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनी ड्यूपॉन्ट कंपनीच्या नायलॉनपासून तारा केल्या आणि सेगोव्हियांनी त्या मनापासून स्वीकारल्या. आज शास्त्रीय गिटारचा जो 'नैसर्गिक' स्वर म्हणून ओळखला जातो, तो रसायनांच्या कारखान्यातून आलेल्या धाग्याचा आहे. सेगोव्हियांचा दोष दाखवायला हे सांगितलेलं नाही. त्यांनी नायलॉन घेतलं आणि माइक नाकारला, म्हणजे त्यांच्या मनात रेघ कुठेतरी होती, आणि ती निसर्ग आणि कृत्रिम यांच्या मधून जात नव्हती. मग ती कुठून जात होती, हे शोधण्यासारखं आहे.

ऑस्ट्रेलियात जन्मलेले जॉन विल्यम्स हे सेगोव्हियांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मात्र वाद्यवृंदाबरोबर वाजवताना ध्वनिवर्धक उघडपणे वापरला. होआकिन रोद्रिगोंचा १९३९ चा 'कोन्सिएर्तो दे आरान्हुएस' घ्या. गिटार बुडू नये म्हणून रोद्रिगोंनी वाद्यवृंद फार जपून लिहिला आहे, तरीही समोर व्हायोलिनांचा ताफा आणि फुंकवाद्यं असतातच. अशा वेळी ऐकू जावं म्हणून वादक तारा जोरात ओढू लागतो, आणि जोरात ओढलेल्या तारेचा स्वर फाटतो, कोरडा होतो. माइक नसल्यामुळे इथे गिटारचा खरा आवाजच हरवतो. सेगोव्हिया आणि विल्यम्स दोघंही एकाच गोष्टीचं रक्षण करत होते असं म्हणावंसं वाटतं: बोट तारेवर हळुवार ठेवण्याचं स्वातंत्र्य. एकाने त्यासाठी श्रोत्यांना शांत केलं, दुसऱ्याने स्पीकर आणला.

आता जुन्या प्रश्नाकडे. मीमांसा दर्शनाच्या अनुयायांचं, म्हणजे मीमांसकांचं, म्हणणं असं की शब्द नित्य आहे. उच्चार त्याला निर्माण करत नाही, फक्त प्रकट करतो, अंधारातली वस्तू दिव्याने दिसावी तसा. न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते शब्द, म्हणजे कानाला ऐकू येणारा कोणताही आवाज, हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि नाहीसा होतो. वादाचं खरं कारण वेदांचं प्रामाण्य होतं, वाद्यं नव्हेत, हे विसरून चालणार नाही. तरी नैयायिकांनी शब्दाचे ध्वन्यात्मक आणि वर्णात्मक असे दोन भाग केले आणि पहिल्याचं उदाहरण म्हणून नगारा दिला, तेव्हा वाद्यंही चर्चेत आलीच.

अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहावर त्यांचीच 'दीपिका' नावाची टीका आहे. संस्कृत पाठशाळेत न्यायाचा पहिला धडा आजही तर्कसंग्रहापासूनच सुरू होतो. दीपिकेत शब्दाच्या उत्पत्तीचे तीन प्रकार सांगितले आहेत. नगाऱ्यावर टिपरी पडते तो संयोगज. बांबू चिरताना चटचट होते तो विभागज. आणि तिसरा शब्दज, शब्दापासून जन्मलेला शब्द. टिपरी पडली त्या जागचा पहिला शब्द तिथेच संपतो. जाताना तो दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यात एका लाटेतून दुसरी उठावी तसं, किंवा कदंबाच्या फुलाचे केसर सगळ्या दिशांना एकदम फुलावेत तसं. कानापर्यंत पोचतो तो या रांगेतला शेवटचा. म्हणजे नगाऱ्यापाशी निर्माण झालेला शब्द कोणीच, कधीच ऐकलेला नाही.

हे वाचताना पंधराव्या रांगेतला साउंडवाला आठवतो. वादक म्हणतो, 'माझ्या गिटारचा आवाज आधीच आहे, तू फक्त तो बाहेर काढ.' ही मीमांसकाची भाषा झाली. नैयायिक म्हणेल की लोकांनी ऐकावा असा आवाज गिटारमध्ये साठवलेला नसतो. तो दर वेळी नव्याने, दर श्रोत्याच्या कानापाशी जन्मतो. माइक, केबल, स्पीकर या त्याच साखळीतल्या आणखी कड्या. मूळ आणि नक्कल असा भेद इथे टिकत नाही, कारण विनामाइक मैफलीतही श्रोत्याच्या वाट्याला मूळ आलेलं नसतं.

गिटारपुरता तरी नैयायिकाचा पक्ष बरोबर आहे. त्याला विसाव्या शतकातला एक भक्कम पुरावाही मिळतो. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाजाची पातळी बदलली की कान खर्ज, मध्य आणि तार यांचं प्रमाण वेगळं धरतो. हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, मोठ्या आवाजात तो वर येतो. याचा अर्थ, गिटारचा आवाज जसाच्या तसा, काडीचाही बदल न करता मोठा केला, तरी श्रोत्याला तो तसाच ऐकू येणार नाही. तो जाड, घुमणारा वाटेल. 'काही बदलू नका, फक्त मोठा करा' ही मागणी पुरी होणारी नाही, कारण मोठं करणं हाच एक बदल आहे. साउंडवाला खर्जाचं बटण थोडं मागे घेतो तेव्हा तो खोटेपणा करत नसतो. कानाने घातलेली भर तो वजा करतो.

पण साखळीतल्या कड्याच तर आहेत म्हणून कोणतीही कडी चालेल, असं मात्र नाही. वादकाचं तोंड वाकडं झालं ते उगीच नाही.

१८८० मध्ये पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्झ, टूर्मलीन असे काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उत्पन्न होते. आज केबल जोडता येणाऱ्या बहुतेक अकूस्टिक गिटारांमध्ये बसवलेला पिझो पिकअप याच गुणावर चालतो. तारा ज्या पट्टीवर टेकतात तिला सॅडल म्हणतात, तिच्या खाली एक बारीक पट्टी सरकवलेली असते. तार छेडली की सॅडलवरचा दाब बदलतो आणि वीज निघते. गिटार उघडावी लागत नाही, समोर माइक लागत नाही, वादक हवा तसा हलू शकतो. पण ही पट्टी ऐकते काय? टॉप हलून हवेशी बोलायच्या आधीचा दाब, एवढंच. पोटातली हवा तिला ठाऊक नाही, टॉपमधलं गोल भोक, म्हणजे साउंडहोल, ठाऊक नाही, खोली तर नाहीच. तारेचा पहिला झटका तिला फार मोठा दिसतो, नंतरचं फुलणं फार छोटं. त्यातून तो कडक, प्लॅस्टिकसारखा आवाज येतो, ज्याला गिटारवादक बदकाच्या ओरडण्यावरून 'क्वॅक' म्हणतात. त्यात भर म्हणून पिकअपची केबल मधल्या प्रीॲम्पशिवाय थेट मिक्सरच्या साध्या लाइन इनपुटला लावली तर खर्ज गळून जातो. पिझोला समोर फार मोठा विरोध लागतो, मेगओहमच्या घरातला.

साउंडहोलवर बसवायचा चुंबकीय पिकअप फक्त पोलादी तारांची थरथर ओळखतो. लाकूड त्याला जवळपास दिसतच नाही. उरतो माइक. माइक हवा ऐकतो, त्यामुळे त्याचं ऐकणं कानाच्या सगळ्यात जवळचं. पण तो स्पीकरमधून आलेलंही ऐकतो. गिटारचा आवाज स्पीकरमधून परत गिटारवर येतो, टॉप आणि पोटातली हवा पुन्हा हलते, माइक ते पुन्हा उचलतो आणि बघता बघता सभागृहभर हुंकार उठतो. बहुधा त्या १०० हर्ट्‌झच्या आसपासच, कारण गिटार तिथे आधीच घुमायला टेकलेली असते. नैयायिक युक्तिवादातल्या अशा फेऱ्याला चक्रक म्हणतात: पहिल्याचा आधार दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, आणि तिसऱ्याचा पुन्हा पहिला. तर्कात चक्रक आला की वाद थांबतो. मंचावर हुंकार उठला की साउंडवाला मिक्सरवर तेवढ्याच कंपनसंख्येची पट्टी शोधून खाली ओढतो, किंवा साउंडहोलला रबराचं झाकण बसवतो.

या तिन्हींची तुलना केली की सेगोव्हियांच्या रेघेचा पत्ता लागतो. पिझोचा आवाज विजेचा आहे म्हणून तो खुपत नाही. खुपतो कारण त्यात हात ऐकू येत नाही. ब्रिजजवळ छेडलेली तार आणि साउंडहोलवर छेडलेली तार, नखाने आणि बोटाच्या मऊ भागाने, या प्रत्येकाचा स्वर निराळा. जवळून ऐकलं तर तो फरक लहान मुलालाही कळतो. वाईट पिकअप तो फरक खाऊन टाकतो, सगळे आघात एकाच साच्यात ओततो. श्रोत्याला सूर कळतात, ताल कळतो, पण कोणीतरी हे वाजवतंय ही खात्री हलते.

इथे शार्ङ्गदेवाची आठवण यावी. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या या अधिकाऱ्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात नादाचे दोन प्रकार आहेत. अनाहत नाद आघाताशिवायचा, योग्यांनी ध्यानात अनुभवायचा. तो मुक्तीकडे नेतो, पण सामान्यांचं मन रमवत नाही, असं शार्ङ्गदेव स्पष्ट सांगतो. संगीताचा नाद आहत, आघातातून जन्मलेला, आणि तोच लोकांना रिझवतो. आघात म्हटला की हात आला, कंठ आला, देह आला. साखळी कितीही लांबली तरी शेवटच्या कडीत पहिल्या आघाताची खूण राहिली पाहिजे. 'नैसर्गिक' या शब्दाला गिटारपुरता काही अर्थ द्यायचाच असेल, तर तो हा.

या कसोटीने 'अनप्लग्ड' नावाचं प्रकरण तपासता येतं. अमेरिकेच्या एमटीव्हीने १९८९ मध्ये ही मालिका सुरू केली आणि या शब्दाने जगभर अकूस्टिक गिटारला नवी प्रतिष्ठा दिली. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कमध्ये निर्वाना बँडचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. बँडचा गायक-गिटारवादक कर्ट कोबेन याच्या मांडीवर १९५९ ची मार्टिन डी-१८ई होती. ही कारखान्यातूनच चुंबकीय पिकअप लावून आलेल्या थोडक्या गिटारांपैकी एक. तिची केबल एका ॲम्प्लिफायरमध्ये गेली होती, आणि तो ॲम्प्लिफायर मंचावरच्या मॉनिटरसारखा दिसावा म्हणून त्याच्यापुढे खोटं खोकं उभारलं होतं. नावाने काहीही सांगितलं तरी गिटार जोडलेलीच होती. तरी त्या ध्वनिमुद्रणात हात ऐकू येतो, आणि आवाजापुरतं तेवढं पुरे. बिघाड झाला तो शब्दाने. वायर नसणं म्हणजे सच्चेपणा, अशी समजूत त्याने पसरवली आणि वादकांच्या एका अख्ख्या पिढीला भलत्याच जागी सच्चेपणा शोधायला लावला. तीच गिटार २०२० मध्ये लिलावात साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. घेणारे होते ऑस्ट्रेलियातल्या रोड या माइक बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक.

याच्या उलट टोकाचं उदाहरण १९९२ चं. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चॅपेलमध्ये पं. विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर समोरासमोर बसले. भट्टांच्या हातातली मोहनवीणा ही मुळात गिटारच, तरफेच्या तारा चढवून रागसंगीतासाठी घडवलेली. दोघांची ओळख होऊन पुरता तासही झाला नव्हता. ध्वनिमुद्रक कविचंद्रन अलेक्झांडर यांनी प्रत्येक वाद्याला वेगळा माइक दिला नाही. इंग्लंडच्या ॲलन ब्लूमलाइनने १९३१ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे त्यांनी दोन माइक एकमेकांशी काटकोनात, एकाच जागी लावले. हे माइक पुढून आणि मागून सारखंच ऐकतात. वादकांमधलं अंतर, चॅपेलच्या भिंतींवरून परतणारा आवाज, तबल्याचं थोडं मागे असणं, सगळं त्या दोन कानांत आलं. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या नावाने तो अल्बम निघाला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. ऐकताना वाटतं की आपण त्या चॅपेलमध्ये कुठेतरी बसलो आहोत. तिथे जपली गेली ती दोन वाद्यं आणि त्यांच्यासोबत त्यांची जागाही.

हजार माणसांच्या सभागृहात ही पद्धत चालत नाही, चक्रक आडवा येतो. म्हणून पुढे तिसरी वाट निघाली. शांत खोलीत गिटारसमोर चांगला माइक ठेवायचा, त्याच वेळी पिझोचाही आवाज घ्यायचा, आणि दोहोंतला फरक गणिताने काढून एका छोट्या पेटीत साठवायचा. कार्यक्रमात पिझोचा आवाज त्या पेटीतून जातो आणि माइकने ऐकल्यासारखा बाहेर पडतो. अशा पहिल्या पेट्यांपैकी एक फिशमन कंपनीची, तिचं नाव 'ऑरा'. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन याने १९३० च्या दशकात हाच शब्द एका वेगळ्या गोष्टीसाठी वापरला होता: यंत्राने प्रती निघू लागल्या की कलाकृती आपल्या जागेपासून आणि क्षणापासून तुटते, आणि तेव्हा जे कोमेजतं ते. या पेट्या एका जागेची आठवण दुसऱ्या जागी नेतात. काम अनेकदा फार छान होतं. पण पेटीतला फरक ज्या वाजवण्यातून काढला ते वाजवणं एका दिवसाचं असतं. त्या दिवशी नसलेला एखादा स्पर्श आज हाताने केला, तर पेटी त्यालाही कालच्याच कपड्यांत उभं करते.

मराठी श्रोत्याला यातलं बरंच काही न शिकवता ठाऊक आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून होतो आहे. मंडपात हजारोंची गर्दी असते, आणि मागे बसलेल्याला गायकाचा चेहरा सुपारीएवढा दिसतो. तिथे येतो तो प्रत्येक सूर कर्ण्यातून नाहीतर स्पीकरमधून येतो. तरी घरी जाताना लोक म्हणतात, 'आज काय आवाज लागला होता!' हे वाक्य कोणी स्पीकरबद्दल बोलत नाही. इतक्या कड्या ओलांडूनही षड्ज कंठातून आलेला म्हणूनच पोचलेला असतो. आणि तानपुरा नुसता गुणगुणतोय, जवारीचा झंकार उघडत नाहीये, हे ध्यानात आलं की तोच श्रोता अस्वस्थ होऊन मागे वळून साउंडवाल्याकडे बघतो.

रिकाम्या सभागृहात आता एसीचा आवाजही बंद करायला सांगितला आहे. साउंडवाला पंधराव्या रांगेतून उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसला आहे, मिक्सरवर त्याचा मदतनीस. "सर, एकच तार वाजवा. आधी ब्रिजजवळ, मग होलवर." वादक वाजवतो. "पुन्हा." वादक पुन्हा वाजवतो. "फरक येतोय. पण नखाचं जरा जास्त येतंय. अरे, तीन हजारची पट्टी थोडी खाली घे." मदतनीस घेतो. "आता बोटाने, हळू. तुम्ही घरी वाजवता तेवढंच हळू." मागच्या रांगेत डोळे मिटलेले. "दुसरी तार."